उचलून नेता येईल असं मायटर सॉचं टेबल : पहिलं फसलं, दुसरं कसं करू?

विंगेतली :

नमस्कार. मी पुण्यात हौशी आणि प्रायोगिक नाटकांचे सेट बांधते. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या धावपळीत भरत नाट्य मंदिराच्या मागच्या बाजूला वाकडे खिळे दगडावर ठेवून सरळ करायचं काम मिळालं होतं. तिथपासून जे लागलं ते सुटलं नाही. आता स्वतःचं १० इंची मायटर सॉ आहे (पट्ट्या आडव्या कापायची, गोल पातं वरून खाली आणायची विजेची करवत), न सरकणारं, साधं, १६ किलोचं. प्रश्न मशीनचा नाही, ते ठेवायचं कशावर याचा आहे.

माझं बहुतेक काम म्हणजे फ्लॅट, सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे. नाटकवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. दोन बाय एक इंची पाइनच्या पट्ट्यांची आठ बाय चार फुटांची चौकट, कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोण, वरून मांजरपाट नाहीतर पातळ प्लाय. वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण ४८ इंच, उभ्या पट्ट्या त्या दोघींच्या मध्ये, म्हणून ९२ इंच. (उभी पट्टी जमिनीपर्यंत नेली की फ्लॅट ओढताना तिचं टोक अडकतं आणि उभं चिरतं. चार फ्लॅट फाडून शिकले.) मधली आडवी ४४ इंच. बारा फ्लॅटचा सेट म्हणजे चोवीस, चोवीस आणि बारा, एकूण ६० तुकडे. त्यात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की शेजारचे फ्लॅट एकमेकांना चिकटत नाहीत आणि त्या फटीतून विंगेतला बल्ब थेट तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यात.

आमची तालमीची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सामान एका ओळखीच्यांच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये. तिथून छोट्या हत्तीत घालायचं, वर न्यायचं, दोन दिवस कापाकापी, परत खाली.

तर मागच्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने टेबल केलं. १९ मिमीच्या प्लायचं, सहा बाय दोन फूट, वर एक थर, खाली एक थर, मध्ये कप्पे, मधोमध मशीनसाठी खोलगट जागा, म्हणजे मशीनचा पाटा आणि टेबल एका पातळीत. केटरिंगच्या टेबलाचे घडीचे लोखंडी पाय बोहरी आळीतून आणले. दिसायला फार देखणं. सनमाइकासुद्धा लावला, हसू नका.

पहिला साक्षात्कार जिन्यात झाला. आठ बाय चारची १९ मिमीची शीट जवळजवळ ३५ किलोची असते हा हिशोब मी आधी केलाच नव्हता. माझ्या टेबलात २४ चौरस फूट प्लाय, वर पट्ट्या आणि पाय. एकूण ३० किलोच्या पुढे. त्यावर मशीन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आमचा नायक म्हणाला, ‘ताई, मी संवाद विसरलो.’ त्याची चेष्टा नव्हती, खरंच विसरला होता.

दुसरा साक्षात्कार पावसाळ्यात. पार्किंगमध्ये ओल असते. गणपतीनंतर काढलं तर डाव्या बाजूचा प्लाय कडेने फुगलेला आणि मशीनच्या पाट्यापेक्षा २ मिमी वर आलेला. पट्टी ठेवली की ती डावीकडे टेकते आणि मशीनच्या पाट्यावर अधांतरी राहते. काप संपत आला की पट्टी खाली बसते, पात्याला दाबून धरते, मशीन घुसमटल्यासारखा आवाज करतं. एकदा तुकडा उडाला. लागलं नाही, पण त्या दिवशी मी पुढचं काही कापलं नाही.

आता नवीन करायचंय. हलकं हवं, एकट्या माणसाला एकेक नग नेता यावा. पातळी हलली तर जागेवर नीट करता यावी. आणि तिसरं, ९२ इंचाला अडसर (पट्टीचं टोक टेकवायचा ठोकळा, म्हणजे दरवेळी मोजावं लागत नाही) कुठे लावू? टेबलच मुळी ७२ इंचांचं होतं. आत्तापर्यंत ४८ आणि ४४ला क्लॅम्पने ठोकळा लावते आणि ९२ची प्रत्येक पट्टी टेपने मोजून पेन्सिलने खूण करते. २४ वेळा. चुका तिथेच होतात.

जमिनीवर बसून कापायचा सल्ला कृपया देऊ नका, कमरेचं एक ऑपरेशन झालंय.


सुताराचा पोर :

ताई, रागवू नका, पण तुम्ही टेबल नाही, पलंग केलाय.

आमचे वडील चाळीस वर्षं सुतारकी करतात. साइटवर त्यांचं ‘स्टेशन’ म्हणजे मशीन फरशीवर आणि दोन्ही बाजूला मशीनच्या पाट्याच्या उंचीचे दोन ठोकळे. बास. आठ फुटी पट्टी त्यावर आडवी. तुम्ही बसू नका, ठीक. पण त्यातली अक्कल घ्या : मशीनला टेबलात बुडवायची गरजच नाही. मशीन टेबलावरच ठेवा, ठोकळे उंच करा. मशीन खोलगट जागेत बसवलं की प्लाय फुगला, पाय वाकला, फरशी उतरती निघाली, काहीही झालं तरी पातळी बिघडते आणि दुरुस्त करायला काही हातात राहत नाही.

मी असं करतो. मशीनला खाली १९ मिमीची एक पाटी, अडीच फूट रुंद, चार बोल्टने कायमची. ती मशीनबरोबरच जाते-येते. बाकी सगळं सुटं. खाली दोन घोड्या. घोड्यांवर दोन लांब आडव्या दांड्या, तुमच्या हत्तीचा हौदा सातेक फूट असतो म्हणून सात फुटांच्या. आडव्यांवर मध्ये मशीनची पाटी आणि दोन्हीकडे हात, म्हणजे पट्टी टेकवायचे पाटे.

आता मुख्य. मशीन मधोमध ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं? सगळे जण फोटो बघून मधोमध ठेवतात. तुमचा लांब माल एकाच बाजूला मोजला जातो, डावीकडे. उजवीकडे पडतो तो तुकडा. मग उजवा हात एक फूट पुरे, डावा साडेतीन फूट करा. पाटी अडीच फूट, म्हणजे पात्यापासून डाव्या टोकापर्यंत ५७ इंच मिळतात. ४८ आणि ४४ दोन्ही अडसर टेबलावरच बसले. फक्त मशीनचं वजन दोन घोड्यांच्या आतच येईल असं बघा, नाहीतर तुमचा नायक परत संवाद विसरेल.

९२ साठी एक चार फुटी सरळ पट्टी घ्या, टोकाला ठोकळा स्क्रू करा. ती डाव्या हाताच्या मागच्या पट्टीला दोन बोल्टने जोडायची, तीन फूट बाहेर काढून. ५७ अधिक ३६ म्हणजे ९३, बसतंय. भोकं एकदाच पाडायची, जागच्या जागी, ९२ची एक पट्टी नीट कापून तिच्यावरून. बोल्ट लावला की ९२, काढला की नाही. टेप खिशात.

आणि ती पहिली ९२ची पट्टी जपून ठेवा, तिच्यावर लाल रंगात ‘नमुना’ लिहा. पुढचं काम तिच्यावरूनच लावायचं. आत्ता कापलेल्या पट्टीवरून पुढची, तिच्यावरून पुढची असं करू नका, बाराव्या पट्टीला पेन्सिलच्या बारा रेघा जमा होतात.

गुण्यावर (काटकोन तपासायचं साधन) पण आंधळा विश्वास नको. मशीन काटकोनात आहे का बघायला चारेक इंच रुंद फळी कापा, एक अर्धा उलटा करा आणि कापलेल्या कडा सरळ पट्टीला लावून एकमेकींना भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून लगेच डोळ्यात येते.


एडिसनचा बंड्या :

विंगेतली, इकडे न्यू जर्सीत माझ्याकडे विकतचं घडीचं स्टँड आहे, बाहेर ओढायचे हात असलेलं. चांगलं आहे, पण त्याच्या टोकाला जे रोलर येतात ते मी पहिल्याच महिन्यात काढून टाकले. रोलर जरा जरी तिरका बसला तर पट्टी ढकलताना तो तिला मागच्या फेन्सपासून (पट्टी टेकवायच्या उभ्या कडेपासून) लांब ओढतो. सपाट पट्टीच बरी.

दोन गोष्टी सांगतो, वरच्या भाऊंनी सोडलेल्या.

एक, हातांची फेन्स मशीनच्या फेन्सच्या अगदी सरळ रेषेत लावू नका, दोन-तीन मिमी मागे ठेवा. वाकडी पट्टी आली (आणि पाइनची पट्टी वाकडीच येते, इथली टू बाय फोरसुद्धा) तर ती मशीनच्या फेन्सला टेकली पाहिजे, तीन फूट लांबच्या प्लायला नाही. तसंच हातांची पातळी मशीनच्या पाट्यापेक्षा केसभर खाली. वर कधीच नको, तुमचा तुकडा उडाला तो त्यामुळेच.

दोन, अडसर एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला पडणारा तुकडा मोकळा राहिला पाहिजे. दोन्हीकडे अडवलंत तर पातं वर येताना तुकडा तिरका होऊन अडकतो आणि फेकला जातो. काप झाल्यावर बटण सोडा, पातं थांबू द्या, मगच ते वर घ्या. घाईच्या दिवशी हे सगळ्यात आधी विसरलं जातं. छोटा तुकडा, वीतभराच्या आतला, हाताने धरायचा नाही, क्लॅम्प लावा किंवा लांब पट्टीतून कापा.

बाकी इथे ‘टू बाय फोर’ विकत घ्यायला जाल तर हातात येते दीड बाय साडेतीन इंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराशी भांडणार होतो.


स्पॉटवाला :

मी लाइटवाला, लाकडातलं कळत नाही. पण हात जोडून : सेटवाल्यांनी स्टेजवर मशीन डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) चॅनेलला लावू नये. फेडर फुल आहे म्हणून चालेल असं वाटतं, आणि चालतंही थोडा वेळ. मग मोटर तरी जाते नाहीतर माझा डिमर, आणि प्रयोग संध्याकाळी असतो.

तालमीच्या खोलीतही भिंतीवरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, २३० व्होल्टला तो १३८० वॅट झाला. तुमचं १० इंची मशीन त्याच्या वर असणार, प्लेटवर वाचा. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट शोधा, आणि एक्स्टेन्शन अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचं करून घ्या. गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. मोबाईल चार्जिंगवालं पांढरं एक्स्टेन्शन नको. वितळलेलं एक माझ्याकडे आठवण म्हणून आहे.


कुडाळकर फणस :

पावसाबद्दल आम्हाला विचारा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटाचं दार उघडायला खांदा लावावा लागतो.

प्लाय सोडा हो. निदान हातांसाठी तरी सोडा. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे पार्टिशनला लागणारी चार बाय पावणेदोन इंची चौकोनी नळी असते, तिचे उरलेले तुकडे तो किलोवर देतो. ती आडवी ठेवली की चार इंच रुंदीचा सपाट, गुळगुळीत पाटा मिळाला. तुमची पट्टी दोन इंची, आणखी काय हवं? पातळ पत्र्याची नळी मीटरला किलोभर भरते. फुगत नाही, वाकत नाही, वाळवी लागत नाही. खालच्या लांब आडव्यांसाठी अडीच बाय दीडची नळी घ्या, पण ती उभी ठेवा, अडीच इंच वरखाली. आडवी ठेवली तर मशीनच्या वजनाने झोळी होते.

नळी आणि आडव्या यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालायचे. ठोकळा मापापेक्षा थोडा बुटका ठेवा, त्याच्या खालून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) ठोका आणि बोल्टचं डोकं खाली ठेवून पाय करा. बोल्ट फिरवला की उंची वरखाली. मी फणसाच्या लाकडाचे केलेत, कारण अंगणात झाड पडलं होतं. तुम्हाला सागाचा कचरा मिळाला तरी चालेल.

मशीनची पाटी प्लायचीच राहणार. तिच्या कडा फेविकॉल पातळ करून दोनदा पाजा, वर ऑइल पेंट. पाणी कडेतून शिरतं, वरून नाही. सनमाइका वरच लावला आणि कडा उघड्या ठेवल्या तर तो एका बाजूचा दम कोंडतो आणि प्लाय वाकतो. तुमचा फुगला तो तसाच.

अडसराबद्दल एक. ठोकळ्याची खालची कड, जिथे पट्टीचं टोक येऊन टेकतं तिथली, रंध्याने ४५ अंशांत उडवा. भुसा त्या कोपऱ्यात साठतो. पहिला तुकडा बरोबर येतो, दहावा अर्धा मिमी आखूड, विसावा एक मिमी, आणि माणूस मशीनला शिव्या देतो. कड उडवली की भुश्याला बसायला जागा मिळते.


हातकरवत :

आम्ही लाकडी साच्यात हाताने कापायचो, ६० काय ६०० कापले असते. आजकाल टेबलाला टेबल लागतं.


सुताराचा पोर :

काका, साचा मलाही येतो. ताईंची कंबर साच्यात बसत नाही.


विंगेतली (चार आठवड्यांनी) :

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण करत होते.

मशीन बाजूला सरकवायचं हे वाचलं आणि मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. एक वर्षभर मधोमध. का, तर सुंदर दिसतं. नेपथ्य करणाऱ्या बाईने निदान एवढं तरी ओळखायला हवं होतं.

तर झालं ते असं. लक्ष्मी रोडच्या मागे एक खिडक्यावाला आहे, त्याने चार बाय पावणेदोनचे दोन तुकडे आणि अडीच बाय दीडच्या दोन सात फुटी नळ्या दिल्या. ‘कशाला हव्यात?’ म्हणाला. ‘नाटकाला,’ म्हटलं तर म्हणाला, मग पैसे आधी द्या.

माझ्या मशीनचा पाटा ८४ मिमी उंच, त्यात खालची १९ मिमीची पाटी मिळवली की १०३. हाताची नळी ४५. उरले ५८. म्हणून ठोकळे ५० मिमीचे केले आणि ८ मिमी बोल्टसाठी सोडले. हे इतकं सविस्तर लिहितेय कारण पहिल्यांदा मी १९ मिमी धरायला विसरले आणि ठोकळे ३० मिमीचे कापून ठेवले. ते आता फ्लॅटच्या मागच्या टेकूंना वापरतेय.

पातळी लावायला गवंड्याकडची सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी आणली. ती मशीनच्या पाट्यावर घट्ट धरायची, हातावर पुढे काढायची आणि बोल्ट फिरवत जायचं. ‘केसभर खाली’ म्हणजे किती यावर माझा आणि मैत्रिणीचा वाद झाला. शेवटी ठरवलं, पट्टी आणि हात यांच्या मधून एक लग्नपत्रिका सरकली पाहिजे, दोन सरकता कामा नयेत. घरी लग्नपत्रिकांचा तुटवडा नसतो. आता ती पत्रिका बोल्टच्या डब्यातच ठेवलीय. वधूवरांना कल्पना नाही.

वजन : मशीन आणि पाटी मिळून २१ किलो, सगळ्यात जड नग तोच. दोन्ही लांब नळ्या मिळून तीन किलोच्या आत. दोन्ही हात ठोकळ्यांसकट अडीच-तीन किलो. घोड्या वेगळ्या, त्या कोणीही नेतं. मशीन मात्र मी अजून उचलत नाही, नायक उचलतो. पण एकटाच, आणि त्याला संवाद आठवतात.

९२चा अडसर जसाच्या तसा केला. ‘नमुना’ लिहिलेली पट्टी भिंतीला टांगलीय, तिला हात लावणाऱ्याला चहा नाही असा नियम आहे. अडसराची कड उडवली, आणि कुडाळकर, खरं सांगते, आधी न उडवता वीस तुकडे कापून पाहिले. विसावा सव्वा मिमी आखूड आला. पूर्वीच्या सगळ्या सेटमधल्या फटी मला एकदम आठवल्या.

भुश्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून माझं सांगते. मशीनच्या मागच्या थैलीत जातो त्यापेक्षा जास्त भुसा अंगावर येतो. मी जुन्या तंबूच्या वाकणाऱ्या काड्या घेऊन मशीनच्या मागे अर्धगोल केला आणि त्यावर फ्लेक्स शिवला. चौकातला, मुदत संपलेला, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. उलटा लावायचा होता, घाईत सुलटा लागला. त्यामुळे आता प्रत्येक काप एका हसऱ्या, हात जोडलेल्या स्थानिक नेत्याच्या चेहऱ्यासमोर होतो आणि भुसा त्याच्या कपाळावर आपटून खालच्या पोत्यात पडतो. सगळा नाही, पण निम्म्याहून बराच जास्त.

स्पॉटवाला, १६ अँपिअरचा सॉकेट तालमीच्या खोलीत एकच आहे आणि त्यावर वॉटर कूलर आहे. दुपारी कापाकापी सुरू झाली की कूलर बंद. नटांनी नाराजी व्यक्त केली आहे.

एक अडचण राहिलीय. ४५ अंशांत कापताना (या नाटकात तीन खिडक्यांच्या चौकटी आहेत) डाव्या हाताचं आतलं टोक मशीनच्या फिरणाऱ्या दांडीला घासतं. नळीचा कोपरा करवतीने तिरका उडवू का, की सगळा हातच दोन इंच डावीकडे सरकवू? सरकवला तर ९२ची भोकं परत पाडावी लागतील, आणि ते माझ्या जिवावर येतंय.


सुताराचा पोर :

कोपरा उडवा. लोखंडाच्या करवतीने, मग कानस. भोकांना हात लावू नका.